धुराचे देणे : हवामान-निधीच्या वाटाघाटींचा इतिहास

कर्जाचा इतिहास लिहावयाचा तर ते कोणी आणि केव्हा उचलले, येथून आरंभ करावा लागतो. पृथ्वीच्या वातावरणावर आज जो बोजा आहे तो एका पिढीत चढलेला नाही. जेम्स वॉटने आपल्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राचे एकस्व १७६९ साली मिळविले आणि पुढल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांनी दगडी कोळशाच्या बळावर जगाचे अर्थकारण पालटून टाकले. कोळसा जळाला, धूर विरला, असे सर्वांनी धरून चालले. काजळी खाली बसली हे खरे. पण त्याबरोबर वर गेलेला कार्बन डायऑक्साइड वायू विरला नाही. त्याचा काही अंश समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात; उरलेला शेकडो वर्षे हवेतच राहतो. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत मँचेस्टरच्या गिरण्यांनी सोडलेल्या वायूचा काही भाग आजही आपल्या डोक्यावर आहे. नदीतली घाण पावसाळ्यात वाहून जावी तसे येथे होत नाही. वाण्याच्या वहीतल्याप्रमाणे मागील बाकी पुढे ओढली जाते. जबाबदारीविषयीचा पुढचा सारा वाद या एका भौतिक वस्तुस्थितीतून निघाला आहे.

शास्त्रज्ञांना ही गोष्ट फार उशिरा उमगली असेही नाही. अमेरिकेत युनिस फूट या विदुषीने १८५६ साली आणि लंडनमध्ये जॉन टिंडॉल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत या वायूचा उष्णता धरून ठेवण्याचा गुण दाखवून दिला होता. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हिशेब मांडला की, हवेतील या वायूचे प्रमाण दुप्पट झाले तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. गंमत अशी की, अऱ्हेनियस यांना त्यात भय वाटले नाही. थंड देशांतील लोकांना त्यामुळे अधिक सुखद हवामान लाभेल असेच त्यांनी पुढे लिहिले. बर्फात जन्म काढलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे! मराठी मुलखाबाहेर ठिकठिकाणी वर्गण्या जमवून ग्रंथालये उभी राहत होती त्या काळात, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३०५ भाग होते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ झाले होते. २०२४ साली त्यांनी ४२० चा आकडा मागे टाकलेला होता.

हा चढ कोणाच्या खात्यावर टाकावयाचा? औद्योगिक क्रांतीपासूनची सगळी बेरीज मांडली तर जवळजवळ एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा भरतो. ब्रिटन धरून युरोपीय संघातील राष्ट्रांचा वाटा त्याहून थोडासा कमी. चीनचा वाटा सुमारे सातवा हिस्सा आणि भारताचा शेकडा तीनच्या आसपास. हे आकडे आज कोणताही विद्यार्थी सांगेल. परंतु ते वाटाघाटींच्या मेजावर येण्यास आणि त्यातून पैशाचा प्रश्न उभा राहण्यास बराच काळ जावा लागला.

१९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज त्या परिषदेला स्वतः उपस्थित राहिलेल्या सरकारप्रमुख एकच होत्या, श्रीमती इंदिरा गांधी. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, हा त्यांच्या भाषणाचा रोख होता आणि विकसनशील जगाची भूमिका पुढे कित्येक दशके त्याच रोखाने चालली. तापमानवाढ हा त्या परिषदेचा मुख्य विषय नव्हता. मात्र पर्यावरणासाठी जो पैसा द्यावयाचा तो नेहमीच्या मदतीतून कापून न देता वेगळा दिला पाहिजे, ही मागणी त्याच काळातली. ‘नवे आणि अतिरिक्त’ हे दोन शब्द पुढील प्रत्येक करारात भेटतात, त्यांचे मूळ तेथवर जाते.

या मागणीला पहिले मूर्त यश मिळाले ते तापमानवाढीच्या नव्हे, तर ओझोनच्या प्रश्नात. आज तो प्रसंग फारसा कोणाच्या स्मरणात नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगावयास हवा. शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होत असल्याचे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियल येथे करार झाला. भारत आणि चीन त्यापासून दूर राहिले. दोन्ही देशांत शीतकपाट ही तेव्हा चैनीची वस्तू होती. हे वायू मुख्यतः पश्चिमेनेच वापरले होते आणि त्यांना पर्यायी ठरणारी रसायनेही पाश्चात्त्य कंपन्यांच्याच हाती होती. नवे तंत्र विकत घेण्याचा खर्च आम्ही का सोसावा, हा सरळ प्रश्न होता. जून १९९० मध्ये लंडनला करारातील राष्ट्रे पुन्हा जमली, त्या वेळी भारताच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो तेथे ठणकावून विचारला. अमेरिकेने महिनाभर आधी नव्या निधीला नकार दिलेला होता. परिषद तोंडावर येताच तो मागे घेतला गेला. तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी ठरला, आणि भारत व चीन सामील झाल्यास तो २४ कोटींपर्यंत वाढविण्याचे कबूल झाले. चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये करारात आला. त्या निधीत आजवर चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आहे आणि माँट्रियलचा करार जगातील प्रत्येक राष्ट्राने मान्य केला आहे.

या यशाने विकसनशील देशांच्या मुत्सद्द्यांना एक धडा मिळाला आणि एक भ्रमही जडला. धडा असा की, ज्यांच्या सहभागावाचून करार पुरा होत नाही त्यांनी अट घातली तर पैसा मिळतो. भ्रम असा की, तापमानवाढीच्या बाबतीतही तसेच होईल. ओझोनचा नाश करणारे वायू मोजक्याच कारखान्यांत बनत होते, त्यांना पर्याय सापडले होते आणि एकूण बिल थोडक्यात आटोपणारे होते. शिवाय ओझोन विरळ झाल्यास त्वचेच्या कर्करोगाचे भय गोऱ्या कातडीलाच अधिक होते. याउलट कोळसा आणि तेल म्हणजे आधुनिक अर्थव्यवस्थेचा प्राण. तेथे हात घालणे वेगळे.

तरीही आरंभीची काही वर्षे मोठ्या आशेची होती. ऑक्टोबर १९८७ मध्ये मालदीवचे अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत आपला देश समुद्रात बुडण्याची शक्यता बोलून दाखविली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाटांनी राजधानी मालेचा बराचसा भाग जलमय केला होता. १९८८ मध्ये हवामान बदलाचा अभ्यास करणारे आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले. १९९१ च्या फेब्रुवारीत जागतिक करारासाठी वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्याच वर्षी दिल्लीहून एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी ती लिहिली होती. निमित्त होते वॉशिंग्टनच्या एका नामांकित संस्थेच्या अहवालाचे. त्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या पाठोपाठ ब्राझील, चीन व भारत यांची नावे जगातील प्रमुख प्रदूषकांच्या यादीत घालण्यात आली होती. अग्रवाल-नारायण यांनी त्या हिशेबाची पद्धतच तपासली. समुद्र आणि अरण्ये जो वायू शोषून घेतात ती शक्ती सर्व मानवजातीची आहे. मग जो जास्त धूर सोडतो त्याला त्या शक्तीतला जास्त वाटा कोणत्या न्यायाने द्यायचा? तो वाटा माणशी सारखा धरला तर भारताच्या नावावर देणे निघत नाही, येणे निघते. भाताच्या खाचरातून आणि गुरांच्या गोठ्यातून निघणारा मिथेन हा जगण्यासाठी होणारा उत्सर्ग आहे. तो आणि मोटारींचा धूर एका तागडीत तोलता येणार नाही. ही भेदरेषा आज सर्वमान्य वाटते. १९९१ साली ती ठामपणे ओढणारे थोडे होते.

त्याच वर्षी प्रशांत महासागरातील व्हानुआटू या चिमुकल्या देशाने छोट्या बेटांच्या गटातर्फे आणखी एक प्रस्ताव मांडला. समुद्राची पातळी वाढून ज्यांची भूमी जाईल त्यांच्यासाठी एक विमा-निधी असावा आणि त्याचे हप्ते उद्योगप्रधान राष्ट्रांनी भरावेत, निम्मा हिस्सा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आणि निम्मा उत्सर्गाच्या प्रमाणात. किती साधा व स्वच्छ हिशेब! तो करारात आला नाही. विम्याचा नुसता उल्लेख तेवढा एका कलमात शिल्लक राहिला.

मे १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे मसुदा संमत झाला आणि जूनमध्ये रिओ द जानेरोच्या वसुंधरा परिषदेत राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या. भारतीय मुत्सद्दी चंद्रशेखर दासगुप्ता यांचा मसुद्याच्या घडणीत महत्त्वाचा हात होता. जबाबदारी सर्वांची समान, तथापि प्रत्येकाची वेगवेगळी, हे तत्त्व त्यात आले. विकसित राष्ट्रांची यादी जोडली गेली आणि त्यांतील धनिक चोवीस राष्ट्रे व युरोपीय समुदाय यांनी ‘नवे आणि अतिरिक्त’ साह्य देण्याचे कलम लिहिले गेले. पण रक्कम किती? मुदत कोणती? न दिल्यास काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर करारात नव्हते. आपल्याकडे हातउसने देतानासुद्धा माणूस परत कधी करणार एवढे विचारतो. शिवाय पैसा ज्या जागतिक पर्यावरण सुविधेमार्फत यावयाचा ती जागतिक बँकेच्या छायेत जन्मलेली. जेथे भांडवलाच्या प्रमाणात मते मोजली जातात तेथे आपले म्हणणे कितपत ऐकले जाईल, ही गरीब देशांची शंका रास्तच होती.

पुढील वर्षांत अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाने या प्रश्नाला आपल्याकडे ओढून घेतले. जुलै १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवर त्याच मुदतीत बंधने घालणार नसेल असा कोणताही करार अमेरिकेने स्वीकारू नये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्योटो येथे उद्योगप्रधान राष्ट्रांनी १९९० च्या तुलनेत आपले उत्सर्ग सरासरी शेकडा पाचांहून थोडे अधिक घटविण्याचे मान्य केले. १९९८ मध्ये अमेरिकेने सही केली आणि २००१ मध्ये ती गुंडाळून ठेवली.

क्योटोच्या आधी ब्राझीलने एक मोठा मार्मिक प्रस्ताव ठेवला होता. प्रत्येक राष्ट्राची जबाबदारी त्याने आजवर तापमानात किती भर घातली यावरून ठरवावी आणि जे विकसित राष्ट्र आपले उद्दिष्ट चुकवील त्याच्याकडून दंड घेऊन तो स्वच्छ विकासाच्या निधीत जमा करावा. वाटाघाटींच्या अखेरच्या दिवसांत या दंडाचे रूपांतर चक्क व्यापारात झाले. निधीच्या जागी ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ आली. गरीब देशात कोणी धूर वाचविला तर त्याचे प्रमाणपत्र श्रीमंत देशातील कारखानदाराने विकत घ्यावे आणि आपला धूर चालू ठेवावा, असा तो सौदा. धुळे व सातारा जिल्ह्यांतील पवनचक्क्यांच्या काही प्रकल्पांनीही अशी प्रमाणपत्रे मिळविली. पण मोठा मलिदा दुसरीकडेच होता. शीतकरणाचा वायू बनविताना एचएफसी-२३ नावाचा अतिशय तीव्र उपवायू निघतो. तो जाळून टाकल्याबद्दल चीन आणि भारतातील मोजक्या कारखान्यांना इतकी प्रमाणपत्रे मिळू लागली की, मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यात नफा अधिक! अखेर २०१३ पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ती प्रमाणपत्रे घेणे बंद केले. या यंत्रणेतून एक गोष्ट मात्र चांगली झाली. प्रमाणपत्रांवर शेकडा दोनची पट्टी बसवून अनुकूलन निधी उभारण्यात आला. पूर, दुष्काळ, वादळे यांना तोंड देण्याची तयारी म्हणजे अनुकूलन. त्यात नफा नसतो म्हणून खाजगी भांडवल तिकडे फिरकत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगन येथे सर्व मोठ्या राष्ट्रांचे प्रमुख जमले. परिषद मोडण्याच्या बेतात होती. १७ डिसेंबर रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी घोषणा केली की, समाधानकारक करार झाल्यास २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करण्याच्या प्रयत्नात अमेरिका सहभागी होईल. हा आकडा कोणत्याही देशाची गरज मोजून काढलेला नव्हता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी तेवढीच रक्कम सुचविली होती. वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभेल असा तो गोल आकडा होता. त्यातले क्रियापदही पाहण्यासारखे. ‘देऊ’ असे तेथे म्हटलेले नाही, ‘उभे करू’ असे आहे. आणि तेही सरकारी, खाजगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा सर्व मार्गांनी. दुसऱ्या दिवशी सायंकाळी चीनचे वेन जियाबाओ, भारताचे मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा हे एका खोलीत बसलेले असताना अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तेथे जाऊन बसले आणि पाच जणांनी मसुदा ठरविला. उरलेल्या दीडशेवर राष्ट्रांना तो आयता दाखविण्यात आला. परिषदेने त्याची केवळ ‘नोंद’ घेतली. १०० अब्जांचे वचन रीतसर निर्णयात आले ते पुढल्या वर्षी मेक्सिकोतील कानकून येथे; हरित हवामान निधीही तेथेच स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय दक्षिण कोरियातील सोंगदो येथे गेले.

या वचनाचा पुढला इतिहास हा मुख्यतः हिशेबनिसांचा इतिहास आहे. धनिक राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने आपल्या सभासदांच्या वतीने जी वही ठेवली तीनुसार २०१३ साली सुमारे ५२ अब्ज डॉलर उभे राहिले, ठरल्या २०२० साली ८३.३ अब्ज, आणि २०२२ साली ११५.९ अब्ज. म्हणजे वचन दोन वर्षे उशिरा पुरे झाले. सावकाराच्या वहीवर कुळाने अविश्वास दाखवावा हे नित्याचे. येथे वही देणेकऱ्याचीच होती. २०१५ साली भारताच्या अर्थमंत्रालयाने एक टिपण प्रसिद्ध करून, संघटनेने सांगितलेल्या ५७ अब्जांच्या वार्षिक सरासरीपैकी खात्रीने हवामान-निधी म्हणता येईल अशी रक्कम जेमतेम २.२ अब्ज असल्याचे दाखविले. ऑक्सफॅम या संस्थेने २०२० च्या ८३.३ अब्जांचे खरे मोल फार तर २४.५ अब्ज ठरविले. दोन हिशेबांत एवढे अंतर पडते, कारण हवामान-निधी कशाला म्हणावे याची एक व्याख्या सर्वांनी मिळून कधी केलीच नाही. ज्याने त्याने आपल्या खर्चाला हवे ते लेबल लावले. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये तपास केला, तेव्हा इटलीने आशियातील चॉकलेट व आइस्क्रीमच्या दुकानांसाठी, अमेरिकेने हैतीमधील एका हॉटेलासाठी आणि जपानने बांगलादेशातील चक्क कोळशाच्या वीज केंद्रासाठी पुरविलेला पैसा हवामान-खात्यावर मांडलेला आढळला.

याहून गंभीर आक्षेप कर्जाचा आहे. २०२२ साली सरकारी मार्गाने आलेल्या एकंदर साह्यापैकी जवळजवळ शेकडा ७० हिस्सा कर्जरूपाने होता. महाराष्ट्रापुरते उदाहरण घ्यावयाचे तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे घेता येईल. गावोगाव ‘पोकरा’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकल्प मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव या भागांतील पंधरा जिल्ह्यांच्या पाच हजारांवर गावांसाठी आखला गेला. शेततळी, ठिबक सिंचन, बांधबंदिस्ती, दुष्काळात तग धरणारे बियाणे अशी त्याची कामे. ती उपयुक्त आहेत याविषयी वाद नाही. जागतिक बँकेने २०१८ साली त्यासाठी ४२ कोटी डॉलर दिले ते कर्ज म्हणून. अशा कर्जांतला जो भाग बँकेच्या धनिक भागीदारांच्या वाट्याचा मानला जातो तो त्यांच्या हवामान-साह्यात धरण्याची रीत आहे. व्हिक्टोरियाकालीन धुराने बिघडलेल्या पावसाला तोंड देण्याची जालना-बीडच्या शेतकऱ्याची तयारी, तिचा खर्च व्याजासह फेडायचा त्याच्याच राज्याने, आणि तो जमा मात्र धनिकांच्या पुण्याईत! त्याच वर्षी हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, ओडिशा व महाराष्ट्र यांच्या किनारपट्टीसाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. ती रक्कम मात्र अनुदानाची होती. दोन आकड्यांतील तफावत पाहिली म्हणजे अनुदान आणि कर्ज यांचे जगातील प्रमाण ध्यानात येते.

भारताच्या बाजूचेही एक वैगुण्य येथे नोंदविणे प्राप्त आहे. माणशी सरासरी सांगताना आपण खेड्यातील भूमिहीन मजूर आणि महानगरातील धनाढ्य यांची बेरीज करून भागाकार करतो आणि गरिबाच्या आडोशाला श्रीमंत निर्धास्त बसतो. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने २००७ साली एका अहवालात नेमके हेच म्हटले होते. परराष्ट्रांपुढे समन्यायाची भाषा बोलणाऱ्या राज्यकर्त्यांनी घरात तिचा उच्चार क्वचितच केला.

२०१५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे जो करार झाला त्याच्या शेवटच्या तासांत एका क्रियापदाने जगाला खोळंबून ठेवले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना विशेष रस वाटावा अशी आहे. उत्सर्ग घटविण्याच्या कलमात विकसित राष्ट्रांविषयी ‘केलेच पाहिजे’ अशा बंधनकारक अर्थाचे इंग्रजी क्रियापद मसुद्यात राहून गेले होते. अमेरिकेला हवे होते ‘करावे’ या अर्थाचे. पहिले क्रियापद राहिले असते तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तेथे त्याचे काय झाले असते ते ९५ विरुद्ध शून्य या आकड्यावरून दिसतेच. सभा थांबली, कुजबुज झाली आणि अखेरीस छपाईतील किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत मिसळून तो बदल वाचून दाखविण्यात आला. अध्यक्ष लोराँ फाबियूस यांनी हातोडा आपटला. करारासोबतच्या निर्णयात आणखी एक वाक्य घातले गेले : हानी व नुकसान यांविषयीचे कलम कोणत्याही दायित्वाला वा भरपाईला आधार ठरणार नाही. एवढी सावधगिरी बाळगूनही अमेरिका २०२० मध्ये करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. हरित हवामान निधीला ओबामांनी कबूल केलेल्या तीन अब्जांपैकी त्यांच्या कारकिर्दीत एक अब्जच पोहोचले होते.

या सगळ्या काळात नकाशाही बदलत होता. २००६ च्या सुमारास वार्षिक उत्सर्गात चीनने अमेरिकेला मागे टाकले आणि आज जगाच्या सुमारे तीन दशांश उत्सर्ग एकट्या चीनचा आहे. १९९२ ची यादी मात्र तशीच राहिली. कतार किंवा सिंगापूरसारखे श्रीमंत देश अद्याप ‘विकसनशील’ आणि पोर्तुगाल देणेकरी, हा प्रकार पाश्चात्त्य मुत्सद्दी वारंवार पुढे करतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र नवा देणेकरी दाखवून जुन्याची सुटका होत नसते, आणि गेली तीन दशके हा युक्तिवाद बहुधा त्याच हेतूने केला गेला. आपण २०१६ पासून १७७ अब्ज युआन इतर विकसनशील देशांना दिले, असे चीनने २०२४ साली सांगितले खरे, परंतु ते स्वेच्छेचे म्हणून. कर्तव्य म्हणवून घेण्यास त्याची तयारी नाही.

त्या २०२४ च्या नोव्हेंबरात अझरबैजानची राजधानी बाकू येथे १०० अब्जांच्या जागी नवा आकडा ठरवावयाचा होता. विकसनशील देशांची मागणी दरसाल १३०० अब्ज डॉलरची होती. परिषदेची मुदत उलटून गेल्यावर २४ तारखेच्या पहाटे ३०० अब्जांवर हातोडा पडला, तोही २०३५ पर्यंत. १३०० चा आकडा सर्वांनी मिळून सर्व मार्गांनी गाठावयाचे ध्येय म्हणून मसुद्यात ठेवला गेला. निर्णयापूर्वी भारताला बोलू दिले गेले नाही. हातोडा पडल्यावर अर्थमंत्रालयाच्या सल्लागार चांदनी रैना यांनी उभे राहून हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम असल्याचे सांगितले आणि भारताचा विरोध नोंदविला. २००९ ते २०३५ या सव्वीस वर्षांतील चलनवाढ वजा केली तर तिप्पट वाटणारी ती रक्कम कितीशी उरते, हे पाहिल्यास त्यांचा संताप समजू शकतो.

बेटांनी मात्र आपला १९९१ चा धागा सोडला नव्हता. २०१३ साली हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये हजारो बळी घेतले, त्यानंतर तीनच दिवसांनी वॉर्सा येथे परिषद सुरू झाली. तेथे त्या देशाचे प्रतिनिधी येब सानो यांना बोलताना अश्रू आवरले नाहीत. काही ठोस घडेपर्यंत अन्न घेणार नाही असे त्यांनी जाहीर केले. त्या परिषदेत हानी व नुकसान यांसाठी एक यंत्रणा निर्माण झाली, निधी नव्हे. २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानातील महापुराने सतराशेहून अधिक माणसे मेली आणि ३० अब्ज डॉलरच्या वर नासधूस झाली. त्या नोव्हेंबरात इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद पाकिस्तानकडेच होते. धनिक राष्ट्रांना निधीला नकार देणे अवघड झाले. २०२३ मध्ये दुबई येथे परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो सुरू झाल्याचे घोषित झाले. संयुक्त अरब अमिरात आणि जर्मनी यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर कबूल केले. अमेरिकेने १ कोटी ७५ लाख.

इकडे व्हानुआटूसह प्रशांत महासागरातील बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली एक कल्पना काढली होती : हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढेच न्यावा. व्हानुआटूच्या सरकारने ती उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडणाऱ्या राष्ट्रावर, कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास, भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. मत सल्लावजा आहे, त्याच्या अंमलबजावणीसाठी बेलीफ धाडता येत नाही. पण पॅरिसमध्ये ज्या शब्दाला दार बंद करण्यात आले होते तो शब्द न्यायालयाच्या लेखणीतून पुन्हा आत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे हानी व नुकसान निधीने आपत्तिग्रस्त देशांकडून पहिल्यांदा अर्ज मागविले. वाटपासाठी ठेवलेली रक्कम होती २५ कोटी डॉलर.